पिझ्झ्याची परीक्षा कडेवरून



आपल्या मंडळात मतभेद व्हायला फार मोठं कारण लागत नाही, हे आपण जाणताच. गणपतीत आरत्या किती म्हणायच्या, कोजागिरीच्या दुधात केशर घालायचं की जायफळ, नाटकाच्या मध्यंतरात वडा द्यायचा की सामोसा, यावर आपण रात्री अकरापर्यंत बसू शकतो. या तिमाहीत मात्र कार्यकारिणीत दोन तट पडले ते एका गोल, चपट्या, इटालियन पदार्थावरून. बालमेळाव्याला मुलांना जेवायला पिझ्झा द्यायचा की नाही, हा तो प्रश्न.

पिझ्झापक्षाचं म्हणणं सरळ होतं. दहा वर्षांपुढची मुलं मंडळाकडे फिरकेनाशी झाली आहेत. येतात ती आईवडिलांनी गाडीत घालून आणली म्हणून. मसालेभाताचे चार घास चिवडतात आणि कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसतात. त्यांना आवडेल ते द्या, म्हणजे येतील. विरोधी पक्षाचं म्हणणंही तितकंच सरळ. घरी पिझ्झा, मित्राच्या वाढदिवसाला पिझ्झा, मॉलमध्ये पिझ्झा. वर्षातून चार वेळा पोरांच्या पानात वरणभात, कोशिंबीर आणि जिलबी एकत्र पडते ती मंडळात. तेही काढून घ्यायचं असेल तर मंडळाची पाटीच उतरवा!

आम्हाला दोन्ही बाजू पटत होत्या. ज्याला दोन्ही बाजू पटतात तो कार्यकारिणीत काही उपयोगाचा नसतो, आणि अशा माणसाला उपसमितीवर घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. तेव्हा उपसमिती नेमली गेली. खर्चावर नजर ठेवायला आमचे खजिनदार, चवीचा निवाडा करायला आमची सौ., ग्राहकांच्या प्रतिनिधी म्हणून आमची बारा वर्षांची कन्या, आणि आम्ही. आमच्या नेमणुकीचं कारण असं देण्यात आलं, की "तुम्ही अमेरिकेत शिकलात, तुम्हाला पिझ्झ्यातलं कळत असेल." आता अमेरिकेत एम.एस. करणारा गरीब विद्यार्थी पिझ्झा खातो तो दुपारच्या सेमिनारला फुकट ठेवलेला असतो म्हणून. त्याला पिझ्झ्यातलं जेवढं कळतं तेवढंच सेमिनारमधलं. पण नेमणूक झाली ती झाली.

प्रत्यक्ष चाचणीकडे वळण्याआधी थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी, कारण 'पिझ्झा आपला नव्हे' हे वाक्य त्या बैठकीत निदान सात वेळा उच्चारलं गेलं.

आमच्या पिढीला पिझ्झा भेटला तो बेकरीत. गावातल्या बेकरीवाल्याकडे पिझ्झ्याचे तयार गोल पाव मिळत, जाड आणि किंचित गोडसर. त्यावर बाटलीतला टोमॅटो सॉस, कांदा, सिमला मिरची आणि अमूल चीजचा कीस घालायचा, तव्यावर ठेवून वर झाकण घालायचं, आणि चीज वितळलं की पिझ्झा झाला. भारतात डॉमिनोजचं पहिलं दुकान दिल्लीत आणि पिझ्झा हटचं पहिलं बंगलोरला निघालं ते १९९६ साली. तोवर आमच्या आयांनी तव्यावरचा पिझ्झा स्वतःच्या हिमतीवर सिद्ध केलेला होता. तो इटलीतल्या माणसाला ओळखू आला नसता ही गोष्ट वेगळी, पण तो परका नक्कीच नव्हता.

इटलीतला पिझ्झा तरी कुठला? हा शब्द गाएता नावाच्या गावच्या इ.स. ९९७ मधल्या एका लॅटिन दस्तऐवजात सापडतो. त्या पिझ्झ्यावर टोमॅटो असणं शक्यच नाही, कारण टोमॅटो अमेरिका खंडातला. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतर तो युरोपात आला आणि पोर्तुगीजांच्या मागोमाग आपल्याकडे. नेपल्स शहरातल्या गरीब लोकांनी पोटासाठी रस्त्यावर उभ्यानं खायचा हा पदार्थ. १८८९ साली राफाएले एस्पोझितो नावाच्या नेपल्सच्या कारागिरानं मार्गारिटा राणीसाठी टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीच्या जातीची पानं घालून पिझ्झा केला, म्हणून तिचं नाव पडलं, ही कथा प्रत्येक मेनूकार्डाच्या मागं छापलेली असते. इतिहासकार मात्र तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. नेपल्सच्या पिझ्झा करण्याच्या कलेला युनेस्कोनं २०१७ साली आपल्या वारशाच्या यादीत घेतलं. त्याच यादीत २०२३ साली लेबनॉनचं मनकूशही गेलं. झातर आणि ऑलिव्ह तेल पसरून भाजलेली ही चपटी रोटी आपण मस्कतच्या कुठल्याही लेबनीज बेकरीत सकाळी सातला खाऊ शकतो. आणि खुद्द ओमानी माणसाची खुब्ज रखाल घ्या. सैलसर कणीक हातानं तापलेल्या पत्र्यावर फासायची, कागदासारखी पातळ रोटी सुटून येते, तिच्यावर अंडं, चीज किंवा मध. तेव्हा भाजलेल्या रोटीवर काहीतरी पसरून खाणं ही कोणा एकाची मिरास नाही. आपलं थालीपीठ लोण्याच्या गोळ्यासकट याच कुळातलं आहे, फक्त त्याची नोंद करायला अजून कोणी युनेस्कोत गेलेलं नाही.

असो. चाचणीसाठी आम्ही अल खुवैरमधलं एक साधं कॅफे निवडलं. नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या अंकात जाहिरात का नाही असं संपादक विचारतील. वार शनिवार. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. ओमानची गुरुवार-शुक्रवारची सुट्टी १ मे २०१३ पासून शुक्रवार-शनिवार झाली, तेव्हापासून निवांत जेवणाचा वार शनिवारच.

हे कॅफे म्हणजे आठ-दहा टेबलं, काचेच्या कपाटात केक, एका बाजूला कडक चहाचं भांडं, दुसऱ्या बाजूला भट्टी. दुपारी बाराला ऑफिसातली मंडळी येतात, तीननंतर शुकशुकाट. ज्यांनी आपल्या उमेदीच्या काळात मस्कतला दोन पाळ्यांची नोकरी केली त्यांना अशा कॅफेचं नवल वाटेल. तेव्हा दुपारी एकला दुकान बंद, घरी येऊन आमटीभात, तासभर डोळा, आणि चारला पुन्हा कामावर. आता बऱ्याच ऑफिसांत सलग वेळ झाली, रस्त्यावरची गर्दी वाढली, आणि दुपारचं जेवण घरातून उठून अशा टेबलांवर आलं. डबा नेणारे अजून आहेत, आम्हीही त्यांतलेच. पण डबेवाल्यांची संख्या दर वर्षी कमी होते आहे, आणि आपली मुलं तर डबा या संस्थेकडे शाळेपुरतं बघतात.

मेनूकार्ड उघडलं आणि खजिनदारांनी पहिला आक्षेप नोंदवला.

"अहो, दोन रियाल सहाशे बैसा? एका पोळीला?"

"पोळी नव्हे, खजिनदार. आंबवलेली कणीक असते. आदल्या दिवशी भिजवून ठेवतात."

"म्हणजे कालची! कालच्या पोळीला तर पैसे कमी पडायला हवेत."

खजिनदार सोलापूरचे. कडक भाकरीवर वाढलेल्या माणसाला शिळेपणाचं कौतुक असतं, पण त्याचे जास्त पैसे द्यायची सवय नसते.

आम्ही एक मार्गारिटा आणि एक भाज्यांचा पिझ्झा मागवला. वेटरनं "पेपरोनी नको का?" म्हणून विचारलं, तेव्हा सौ.नं एक उपयुक्त मुद्दा काढला. तो इथं मुद्दाम नोंदवतो. पेपरोनी हा अमेरिकेत डुकराच्या आणि गाईच्या मांसाचा मसालेदार सॉसेज. इथल्या साध्या कॅफेत डुकराचं मांस नसतं, म्हणून इथली पेपरोनी बहुधा गोमांसाची असते. आपल्यातली जी घरं मांसाहारी असूनही गोमांस खात नाहीत, त्यांच्या मुलांना हे ठाऊक असायला हवं. दुसरा मुद्दा चीजचा. दूध फाडून चीज करायला रेनेट लागतं आणि परंपरेनं ते वासराच्या जठरातून काढतात. इटलीतल्या अस्सल पार्मेझानला तर नियमानंच वासराचं रेनेट लागतं. आता सूक्ष्मजीवांपासून तयार केलेलं रेनेटही सर्रास वापरतात, आणि भारतातल्या चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका पाहून आपण निश्चिंत होतो. इथं ठिपका नाही, पाकीट वाचावं लागतं. वेटर आत जाऊन चीजची पिशवीच घेऊन आला. तिच्यावर शाकाहारी रेनेट असं लिहिलेलं होतं. सौ.नं पिशवीचा फोटो काढून ठेवला. उपसमितीचं काम इतक्या काटेकोरपणे झालेलं आम्ही तरी पहिल्यांदाच पाहिलं.

पिझ्झा आला. आणि आता मूळ प्रश्न: पिझ्झा चांगला की वाईट हे ठरवायचं कशावरून?

आपण सगळे पिझ्झ्याची परीक्षा वरच्या मालावरून करतो. चीज किती, भाज्या किती, तिखट आहे का. खजिनदारांनी तेच केलं आणि "मीठ कमी" असा शेरा मारला. सौ.नं मात्र आधी कड उचलली, उलटी करून तळ पाहिला, बोटानं टकटक केलं, आणि मग तुकडा तोडला. आम्ही कारण विचारलं तर म्हणाली, "भाकरी तुम्ही पिठल्यावरून ओळखता का? पापुद्रा सुटलाय का, तळ करपलाय का, मधे कच्चट राहिलीय का, हे आधी बघायचं. पिठलं काय, कुठल्याही भाकरीवर चांगलंच लागतं."

हे आमच्यातल्या इंजिनियरला एकदम पटलं. नेपल्सच्या पिझ्झ्याला युरोपीय संघानं २०१० साली जो दर्जा दिला, त्याच्या नियमांत वरच्या मालाइतकंच कडेलाही महत्त्व आहे. व्यास ३५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, कड एक ते दोन सेंटिमीटर फुगलेली हवी, लाकडाच्या भट्टीत ४८५ अंश सेल्सियसला ६० ते ९० सेकंदच ठेवायचा. एवढ्या कमी वेळात वरची वाफ कोंडते, कड फुगते, आणि आतला ओलावा टिकून राहतो.

आमच्या कॅफेत लाकूड कुठलं? विजेची भट्टी, खाली दगडी लादी, काटा तीनशेवर. पिझ्झा पाचेक मिनिटांनी बाहेर येतो. पण ती लादी महत्त्वाची. वारलामोव, ग्लाट्झ आणि ग्रासो या तिघांनी २०१८ साली पिझ्झा भाजण्यामागच्या भौतिकशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्यांचा हिशेब असा: विटेच्या भट्टीत तळ ३३० अंशांवर असला तरी पिझ्झा टेकतो तिथलं तापमान २०० च्या आसपास राहतं, कारण वीट आपली उष्णता हात राखून देते. तेवढ्याच तापलेल्या पोलादावर मात्र ते ३०० च्या घरात जातं आणि तळ करपतो. म्हणून पोलादी भट्टी २३० वर आणावी लागते, वेळ दोनाऐवजी जवळजवळ तीन मिनिटं होतो, आणि तेवढ्या वेळात कणकेतलं पाणी उडून जातं. आता खानदेशातले मांडे खापरावर का भाजतात, आणि खापराच्या तव्यावरची भाकरी लोखंडी तव्यावरच्या भाकरीहून निराळी का लागते, हे वेगळं सांगायला नको. आपल्या आज्यांनी निबंध लिहिला नाही, एवढाच फरक.

एक भेदही सांगून टाकतो, नाहीतर कोणी पत्र लिहील. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा धरणारा ग्लूटेन नाही. म्हणून भाकरीचं पीठ ऐन वेळी मळतात, ताणत नाहीत, थापतात. पिझ्झ्याची गव्हाची कणीक उलट तासन्‌तास ठेवावी लागते, म्हणजे ती सैल पडते, ताणली तरी फाटत नाही, आणि यीस्टचे बुडबुडे तिच्यात जाळी धरतात. मस्कतच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा कणीक बाहेर ठेवली तर दुपारपर्यंत आंबट होऊन बसायची. म्हणून ती रात्रभर फ्रीजमध्ये.

या कॅफेची कड कशी होती? बाहेरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत, तळाला तांबूस ठिपके. मधला भाग किंचित ओलसर, कारण सॉस जरा सढळ हातानं घातला होता. एकूण पास, आणि चांगल्या गुणांनी.

पण ही दोन वाक्यं लिहायला आम्हाला टेबलावर वीस मिनिटं लागली. त्याचं कारण आमची कन्या. ती म्हणाली, "इट्‌स च्युई." सौ. म्हणाली, "मराठीत सांग." कन्या अडली. मग आम्ही तिला शब्द पुरवू लागलो आणि आमच्यातच जुंपली. आम्ही म्हटलं, "चिवट." सौ. म्हणाली, चिवट म्हणजे दोष, आणि ही कड तर चांगली आहे. खजिनदार म्हणाले, "वातड." सौ. म्हणाली, वातड पापड होतो, हा वातड नाही. "खुसखुशीत?" छे, खुसखुशीत करंजी, मोहन घातलेली. "कडक?" कडक भाकरी सोलापूरची, दातांची परीक्षा घेणारी. मग कच्चट, पिठूळ, करपट, भुसभुशीत, जाळीदार असे एकेक शब्द निघाले. कन्या प्रत्येक शब्दाला पिझ्झ्याचा एकेक कोपरा खाऊन "हा का?" म्हणून विचारत होती. चीज ताणलं गेलं तेव्हा "हे चिवट!" असं तिनंच सांगितलं, आणि ते बरोबर होतं. त्रिकोणी तुकडा उचलल्यावर टोक खाली वाकलं, त्याला सौ. म्हणाली, "बघ, यानं मान टाकली." त्या वाक्यावर कन्या खूप हसली आणि पुढचा प्रत्येक तुकडा मान टाकतो की नाही ते तपासू लागली.

तिचा मूड बघून आम्ही उपसमितीचा खरा प्रश्न विचारला. "मंडळात पिझ्झा ठेवला, तर तू आणि तुझ्या मैत्रिणी याल का?"

तिनं थोडा विचार केला. मग म्हणाली, "येऊ. पण पिझ्झा खाऊन जाऊ."

"का गं? कंटाळा येतो?"

"बाबा, तिथं आम्हाला कोणी काही विचारत नाही. फक्त म्हणायला लावतात. श्लोक म्हण, नाच कर, फोटोला उभी राहा, आता जेव. आज तुम्ही विचारलंत ना, कसं लागतं ते. तसं."

खजिनदारांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो बराच वेळ खाली ठेवला नाही. सौ. आमच्याकडे बघत होती. कार्यकारिणीत दोन्ही पक्षांनी मिळून तीन तास मुलांच्या जेवणावर चर्चा केली होती आणि त्या चर्चेला एकही मूल हजर नव्हतं. आमच्या कन्येनं एवढ्या लांबीचं सलग मराठी बोलल्याला किती दिवस झाले होते, हे आम्ही मनातल्या मनात मोजत होतो. घरात आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांचंही भागतं. मस्कतमधल्या किती घरांत असंच चालतं ते वाचकांनी आपापल्या घरी बघावं.

तीन वाजले, गिऱ्हाईक ओसरलं. भट्टीवरचा कारागीर चितगावचा. आमची उलटतपासणी तो लांबून बघत होता. त्यानं कन्येला हात धुऊन काउंटरपाशी बोलावलं आणि कणकेचा एक गोळा तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं तो दोन्ही हातांनी दाबला तशी कणीक लगेच मागं आक्रसली. "जोर नहीं, बेटा. आटा रातभर सोया है, उसको आराम से उठाने का." मग त्यानं बोटांच्या पेरांनी मधून कडेकडे हवा सारत कशी न्यायची ते दाखवलं. कड दाबायची नाही, हवा तिकडेच राहायला हवी. सौ. शेजारी उभी राहून "अगं, थाप, थाप, लाटू नकोस" असं सांगत होती. कन्येचा पिझ्झा ओमानच्या नकाशासारखा झाला, मुसंदमचं टोक वेगळं पडलं. तरी तिनं तो अख्खा खाल्ला आणि आम्हाला एक तुकडासुद्धा दिला नाही.

यानंतर खजिनदारांनी एक शंका काढली, आणि ती लाखमोलाची होती. "इथं बसून गरम खाल्ला तो चांगला लागला, ठीक. पण मेळाव्याला पन्नास पिझ्झे खोक्यातून हॉलवर येणार. त्यांचं काय?" म्हणून एक मार्गारिटा बांधून घेतला आणि अल खुवैरहून दारसैतला नेऊन बरोबर पंचवीस मिनिटांनी खोकं उघडलं. झाकण आतून ओलं, कड मऊ पडलेली, तळाचा कागद चिकटलेला. यात कॅफेचा काही दोष नाही. गरम रोटीतून वाफ निघते, खोक्यात कोंडते, झाकणाला लागून थंड होते आणि जिथून निघाली तिथंच परत मुरते. गरम पोळ्या घट्ट डब्यात भरल्या की त्यांना पाणी सुटतं, म्हणून आपण खाली फडकं घालतो, तोच हा प्रकार. पिझ्झा हा वाट न बघणारा पदार्थ आहे. माणसानं त्याची वाट बघायची असते.

आता हिशेब. मुलं दीडशे धरली आणि तिघांत एक पिझ्झा दिला तर पन्नास पिझ्झे, १३० रियाल. त्यावर १६ एप्रिल २०२१ पासून आलेला पाच टक्के व्हॅट साडेसहा रियाल. एकूण १३६ रियाल ५०० बैसा, तेही मान टाकलेल्या पिझ्झ्यांसाठी. खजिनदारांनी या आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

तेव्हा उपसमितीचा एकमतानं ठरलेला अहवाल असा. खोक्यातला पिझ्झा आणू नये. मुलांनी तिथं पिझ्झा करावा. दगडी लादीच्या दोन लहान विजेच्या भट्ट्या हॉलवर लावता येतील. गोळे आदल्या दिवशी भिजवून बर्फाच्या पेटीत आणायचे, त्याबद्दल कॅफेच्या मालकाशी बोलणं झालं आहे. पिझ्झे तळहाताएवढे करायचे, म्हणजे एका भट्टीत एका वेळी चार बसतात. सहा मिनिटांना एक घाणा धरला तर दोन भट्ट्यांतून तासाला ऐंशी निघतील आणि दीडशे मुलांचं काम दोन तासांत होईल. चीज पाकीट वाचूनच घ्यायचं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांचा सॉस वेगळ्या पातेल्यात. शेजारच्या टेबलावर ज्वारीचं पीठ, परात आणि तवा. तिथं आपल्या आज्या-मावश्यांनी भाकरी थापायची आणि ज्या मुलाला हौस असेल त्याला थापू द्यायची. दोन तास म्हणजे फार वेळ, असं कोणी म्हणेल. पण मुलांना रांगेत उभं राहून आपल्या पिझ्झ्याची वाट बघावी लागेल, आणि वाट बघताना बोलण्यावाचून इलाज नसतो. त्या दोन्ही टेबलांवर बोलायचं मराठीत, एवढी एकच अट. थाप, पसर, पलट, करपलं, फुगलं, अजून कच्चं आहे: हे शब्द पाठ करून येत नाहीत, हाताला पीठ लागलं की येतात.

मंडळ कशासाठी, या बैठकीतल्या प्रश्नाला आमचं उत्तर आता तयार आहे. पोरांनी श्रीखंडपुरी इंग्रजीत खाऊन घरी जाण्यापेक्षा पिझ्झा मराठीत खाल्लेला बरा. वरणभाताला आमचा विरोध नाही, तो त्या दिवशी मोठ्यांच्या पंगतीला आहेच. आणि आमचा अंदाज असा, की स्वतः भाजलेलं खाऊन झाल्यावर निम्मी पोरं भातासाठीही येतील.

ज्यांच्याकडे अशी भट्टी आहे त्यांनी, आणि ज्यांना भाकरी थापता येते त्यांनी (पुरुषांनीसुद्धा, खजिनदारांनी सोलापूरची लाज राखायचं कबूल केलं आहे), आपली नावं चिटणीसांकडे द्यावीत. मुलांची नावं मात्र मुलांनीच फोन करून द्यायची आहेत, मराठीत. मेळाव्याची तारीख परिपत्रकात येईल. कणीक आदल्या रात्री झोपवायची असते, तेव्हा नावं त्याच्याही आधी आली तर बरं.